माझ्या वाटची भिंत

हिरे,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. तुझ्या शाळेच्या सभागृहात तुझ्या फोटोला हार घातला होता. फोटोही तू स्वतः कधी निवडला नसतास असा, हसरा. एकेक जण उठून सांगत होता की हिराबाईंनी जन्मात कुणाला दुखावलं नाही. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांचे कान तू पिरगळलेले आहेस, आणि तेच रुमालाने डोळे पुसत होते. मुख्याध्यापकांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. "कुंदाताई, तुम्ही त्यांच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण. दोन शब्द बोला." मी मान हलवली. दोन शब्दांत आपलं भांडण मावलं नसतं, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. लिहायला मात्र कुणी बंदी केलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. तू गेलीस याचा नाही. माणसं जातात. काल मी डोंगरपाड्यावर जाऊन आले, त्याचा हा राग आहे. सभेला रत्नी आली होती, पाड्यावरच्या चार बायकांना घेऊन, मागच्या दाराशी बसून होती. सभा सुटल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कुंदाबाय, एकदा पाड्यावर या. तुमचा काम राह्यला हाय." माझं तिथे काय काम राहिलं असेल, मला समजेना. काल ते समजलं, आणि तेव्हापासून मी कामं करता करता तुझ्याशी भांडते आहे.

पहिल्यापासून सांगते. एरवी माझं कुठलंही वाक्य तू पुरं होऊ दिलं नाहीस. आता तरी मधे तोंड घालता येणार नाही.

चौदा साली, थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, तू घोलवडला आमच्या वाडीत आलीस. चिकूची खोकी भरायचं काम चालू होतं. तू पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट न काढता ओसरीवर चढलीस आणि भरल्या खोक्यावर बसलीस. "कुंदे, परदेशातून पोरं येणार आहेत. घर बांधायला."

"कुणाचं घर?"

तेव्हा तू सांगितलंस. तलासरीकडे, हायवेच्या पलीकडे डोंगरपाडा. दिवाळी झाली की अख्खा पाडा वीटभट्ट्यांवर जातो. घरांच्या दारांना काटक्या लावतात आणि पोरंबाळं, कोंबड्या, टोप, सगळं घेऊन निघतात. होळीला चार दिवस येतात, परत जातात, आणि पाऊस तोंडावर आला की कायमचे परततात. तोवर पोरांची शाळा गेलेली असते. पाड्यावरच्या शाळेला लागून एक मोठी खोली बांधायची, भट्टीच्या दिवसांत पोरांनी तिथे राहायचं, आईबाप निर्धास्त. मुंबईची कुठलीशी संस्था दर वर्षी परदेशी तरुणांना शिबिरासाठी पाठवणार होती. गवंडी तलासरीचा, विटा ट्रकने, हात पोरांचे.

या कल्पनेला मी कधीच नावं ठेवली नाहीत, हे लक्षात ठेव. रत्नी पावसाळ्यात आमच्या वाडीत कामाला यायची. तिची सुरेखा तेव्हा एवढीशी होती, खोक्यांवरची अक्षरं बोटाने गिरवत बसायची. तिच्याकडे बघून मला वाटायचं, ही पोर भट्टीवर जाऊन काय करणार. खोली तिच्यासाठी होती. म्हणून तू मला न विचारता "स्वयंपाक कुंदा बघेल" असं संस्थेला परस्पर कळवून आलीस, तरी मी आले.

पण कॅम्प जानेवारीत का, हे मी तेव्हाच विचारलं होतं. "जानेवारीत पाड्यावर काळं कुत्रं नसतं, हिरे."

"मग? पोरं कुत्र्यांसाठी येतायत का?"

"घर बांधायचं तर पाड्याला बोलवायला नको?"

"पाडा त्याच्या कामात आहे. आपण आपलं काम करू. परत येतील तेव्हा घर तयार."

तू हे अशा आवाजात म्हणालीस की खोकी भरणाऱ्या बायकांनी हात थांबवले. धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यात वाढलेला तुझा आवाज, होडीवरून किनाऱ्याशी बोलायच्या मापाचा. चार भिंतींत तो कधी मावला नाही.

तर पहिला कॅम्प. सकाळी उजाडायच्या आत तुझी शिट्टी. शाळेच्या एका वर्गात मुली, दुसऱ्यात मुलगे, खाली सतरंज्या आणि वर कीर्तनाला मिळतात तसल्या भाड्याच्या गाद्या. पोलंडची, स्पेनची, कोरियाची पोरं डोळे चोळत मैदानात यायची आणि तू त्यांच्याकडून कवायत करून घ्यायचीस, तुझ्या शाळेतली सातवी-ब समोर असल्यासारखी. एक जपानी मुलगा शिट्टीच्या आधीच अंघोळ करून बसलेला असायचा. त्याच्यावर तू फार खूश होतीस. बाकीच्यांना बादलीतलं पाणी तांब्याने अंगावर घ्यायचं असतं, हे शिकवायला मला दोन दिवस लागले. एकीने सरळ बादलीत पाय घालून उभं राहून बघितलं.

मग चहा, पोहे, आणि गोल करून उभं राहणं. रोज कुणीतरी आपल्या भाषेतलं गाणं म्हणायचं आणि तू अर्थ न कळता ताल धरायचीस. नंतर काम. ट्रक जिथे विटा टाकून जायचा तिथपासून पायापर्यंत पोरं रांगेत उभी राहायची आणि वीट हातोहात पुढे जायची. तू रांगेच्या टोकाला, कमरेवर हात, तोंडात शिट्टी. वीट पडली की शिट्टी. कुणी फोटो काढायला थांबलं की शिट्टी. तुझ्या स्वतःच्या हाताला वीट लागलेली मी बघितली नाही. "मी लागले तर यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?" असं तुझं म्हणणं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात, असं मी तिथेच म्हटलं, आणि जपानी पोराने मला वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं मी त्याचं कौतुक केलं.

स्वयंपाकावरून तू मला कमी छळलंस का? पहिल्या दिवशी नेहमीचीच आमटी केली तर "पोरांचे ओठ सुजलेत, मारतेस का त्यांना?" दुसऱ्या दिवशी मिरची घातली नाही तर "ही काय आजाऱ्याची पेज?" तिसऱ्या दिवशी तू स्वतः घरून सुक्या बोंबलांची पिशवी आणलीस आणि माझ्या चुलीत निखाऱ्यावर भाजायला बसलीस. अर्धा कॅम्प नाकाला कापड लावून मैदानात. फक्त कोरियाचा एक मुलगा वासावर आत आला, तुझ्या बाजूला मांडी घालून बसला आणि हाताने बोंबील मोडून खायला लागला. तू त्याला एकेक काढून देत होतीस आणि कौतुकाने बघत होतीस. तेव्हा तू मला चांगली दिसलीस. हे मी तुला सांगितलं नाही, आणि ते बरंच केलं, कारण लगेच तू म्हणालीस, "बघ, याला चव कळते. तुम्ही वाडीवाले चिकू खाऊन खाऊन गोडमिट्ट झालात."

सुट्टीच्या दिवशी त्यांना आमच्या वाडीत आणायचीस. नको म्हणत असताना झाडावरचे चिकू तोडून चावायची ती पोरं, आणि तोंडाला चीक लागला की ओठ चिकटलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघायची. मग विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन, मग डहाणूच्या समुद्रावर पळापळी. त्या पोरांवर माझा राग नव्हता. गुणी होती. आपापल्या घरून इतक्या लांब येऊन हाताला फोड आणून घेत होती. माझा राग त्यांना इथे उभं करणारीवर होता.

मार्ता आठवते? पोलंडची, उन्हाने लाल व्हायची म्हणून तू तिला माझ्याकडे बटाटे सोलायला बसवलंस. तिने एक दिवस तुला मोडक्या हिंदीत विचारलं, ज्यांचं हे घर आहे ती माणसं कुठे आहेत? मी चुलीपाशी होते. तू म्हणालीस, कामाला गेलीत. ती म्हणाली, कसलं काम? तुझ्या तोंडून खोटं कधी निघालं नाही, हे तुझ्या शत्रूलाही कबूल करावं लागेल. तू सांगितलंस, विटा पाडायला. मार्ताने दाराबाहेर रचलेल्या विटांकडे बघितलं, परत तुझ्याकडे बघितलं, आणि बटाटे सोलू लागली. त्या दुपारी ती जेवली नाही. मी तुला म्हटलं, तिला समजलं ते तुला समजत नाही का? तू म्हणालीस, "तिला ऊन लागलंय."

दर वर्षी तेच भांडण. मी म्हणायची, वैशाखात कर, सगळे घरी असतात. तू म्हणायचीस, वैशाखात पोरं उन्हाने मरतील. मी म्हणायची, मग दिवाळीआधी. तू म्हणायचीस, तेव्हा त्यांच्या कॉलेजांना सुट्टी नसते.

"म्हणजे घर पाड्याचं आणि मुहूर्त पोलंडच्या कॉलेजचा."

"तुला इथे जेवण टोमणे मारायला मिळतं का?"

"जेवण मीच करते."

यावर तू हसली असतीस तर मी सोडून दिलं असतं. तू शिट्टी वाजवून निघून गेलीस.

तुला माहीत नव्हतं असं नाही, तुला मी दहादा सांगितलं होतं. पाड्यावर घर बांधायची रीत आहे. ज्याचं घर, त्याने दारोदार जाऊन बोलवायचं. मग कुणी खांब आणतो, कुणी कारवीच्या काठ्यांचा भारा आणतो. पुरुष खांब रोवतात, काठ्यांचे कूड बांधतात. बायका शेणमाती पायाने तुडवतात आणि कुडाच्या दोन्ही बाजूंना हाताने सारवतात. घरधन्याने स्वतः सगळ्यांच्या बरोबरीने राबायचं आणि वर भात, कालवण, ताडी द्यायची. ज्याचा हात त्या घराला लागला, त्याला त्या घरात यायला बोलावणं लागत नाही. आणि जिथे आपला कुणाचाच हात नाही, ते घर आपलं नाही. इतकी साधी गोष्ट. पण तू डोक्यात शिट्टी घेऊन जन्मलेली.

तिसऱ्या वर्षी खोली पुरी झाली. पत्रे चढले, निळा दरवाजा बसला, तू नारळ फोडलास. पाड्यावरचे दोन म्हातारे तेवढे हजर होते, त्यांना तू पेढा दिलास. पाऊस तोंडावर आला तेव्हा रत्नी आणि बाकीचे भट्टीवरून परतले. सगळ्यांनी बाहेरून बघितलं. रत्नीने भिंतीतल्या एका विटेवर बोट फिरवून त्यावरचा शिक्का बघितला आणि म्हणाली, "आमच्या भट्टीची नाय." एवढंच. त्या दिवाळीनंतर मास्तर घरोघर फिरले. एकाही घराने पोर ठेवलं नाही. सुरेखाला घेऊन रत्नी निघाली तेव्हा मी तिला हायवेवर गाठून विचारलं.

"तो पाव्हन्यांचा घर हाय, बाय," ती म्हणाली. "त्याला आमचा हात नाय. तिथं पोरा कशी ठेवू?"

मी हे तुला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालीस, "हात नसला तर नसला, डोक्यावर पत्रा आहे ना?" आणि पुढच्या जानेवारीत परत कॅम्प भरवलास, रंगकामाचा. त्या वर्षीच्या पोरांनी भिंतींवर पांढऱ्या रंगाने नाचणारी माणसं काढली, तारपा वाजवणारा काढला. वारल्यांच्या पाड्यावर, वारली माणसं भट्टीवर गेलेली असताना, स्पेनच्या मुलांनी वारली चित्रं काढली. मला हसावं की रडावं कळेना. रत्नी होळीला आली तेव्हा तिने ती चित्रं बघितली आणि विचारलं, "ह्या बायांचे पाय असे काय?" खोलीत तोवर शेळ्या बसायला लागल्या होत्या.

त्यानंतरच्या दिवाळीला जमीन हलायला लागली. तुला आठवतं तसं मलाही. घोलवडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. तलासरीकडे तर लोक घरात झोपायचे बंद झाले, शेतात प्लास्टिकच्या कापडाखाली पोरांना घेऊन बसायचे. पाड्यावरची कुडाची घरं हलायची आणि परत जागच्या जागी उभी राहायची. आपली पक्की खोली मात्र मागच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत चिरली. आपण दोघी माझ्या गाडीतून बघायला गेलो. तू चिरेत बोटं घालून बघितलीस. बोटं आत गेली.

मी म्हटलं, "बरं झालं तडकली. रिकामी होती म्हणून कुणाचं पोर मेलं नाही."

तू गाडीत जाऊन बसलीस. हायवेला लागल्यावर म्हणालीस, "गाडी थांबव." उतरलीस, पलीकडे गेलीस आणि एसटीची वाट बघत उभी राहिलीस. मी थोडा वेळ थांबले. तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. खिडकीतून मी ओरडून विचारलं, येतेस की नाही? तेव्हा वळून म्हणालीस, "सावलीत बसून बोलायला अक्कल लागत नाही, कुंदे." मी गाडी काढली. त्या जानेवारीत कॅम्प झाला नाही. भूकंपाच्या बातम्या वाचून परदेशातल्या आईबापांनी पोरं पाठवली नाहीत, त्यामुळे तुझं-माझं भांडण निकाल न लागताच थांबलं.

मी ते वाक्य आजही मागे घेत नाही. तूही तुझं घेतलं नसतंस.

मग आपण बोललोच नाही. होळी झाली, महालक्ष्मीची जत्रा झाली. दर वर्षी जत्रेत आपण बरोबर जायचो आणि तू प्रत्येक दुकानदाराशी भाव करून त्याला रडवायचीस. या वर्षी मी एकटी गेले आणि पहिल्याच दुकानात सांगितली ती किंमत देऊन टाकली. वैशाखात तुझ्या शेजारणीकडून कळलं की तू वापीला भाचीकडे गेलीस, बरं नाही म्हणून आरामाला. मला वाटलं, जाऊ दे. तुझ्या भाचीला कळेल आराम करणारी हिरा काय चीज असते.

इथे एक सांगायचं राहून जाईल. माझे हे आजारी पडून मुंबईला होते तेव्हा ऐन हंगामात तू शाळेतून सुट्टी काढून आमच्या वाडीत येऊन राहिली होतीस. शिट्टी वाजवून चिकू उतरवून घेतलेस, खोकी भरून घेतलीस, ट्रकवाल्याशी रोज भांडलीस. एकही गाडी उशिरा गेली नाही. परत आल्यावर मी आभार मानायला लागले तर म्हणालीस, "तुझ्या बायका काम बरं करतात, तूच आळशी आहेस." नंतर कधी त्या उपकाराचा उल्लेख केला नाहीस. केला असतास तर फेडता तरी आला असता. हा तुझा आणखी एक दुष्टपणा.

श्रावणात कळलं की तू डहाणूच्या दवाखान्यात आहेस आणि पोटाचं दुखणं साधं नाही. मी मऊ भात आणि मुगाची डाळ घेऊन आले. तू किती बारीक झाली होतीस. तरी पहिला घास घेऊन म्हणालीस, "मीठ कमी." तुझे पाय चादरीबाहेर होते. जन्मभर कॅनव्हासच्या बुटांत असलेले ते पाय भेगाळलेले, टाचा काळ्या पडलेल्या. मी विचारलं, "वापीला भाची चप्पल देत नाही का?" तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, अजून रागात आहेस. मग मी पण खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बसून राहिले. रोज येत होते, रोज डाळीवरून बोलणी खात होते. एवढे दिवस होते, हिरे. जे सांगायचं, त्याला एकदाही तुझं तोंड उघडलं नाही.

काल पाड्यावर गेले, तर ती खोली तिथे नव्हती.

म्हणजे होती, पण ती नव्हती. विटांच्या भिंती गेलेल्या. सागाचे खांब, त्यांच्यामध्ये कारवीचे कूड, वर तेच पत्रे. भिंती सारवलेल्या, गेरू दिलेला. विटा खाली जमिनीला अंथरल्या होत्या आणि पडवीत एक मोठी चूल केली होती त्यांचीच. निळा दरवाजा तेवढा तोच. रत्नी आणि तिच्या दोन जावा आत निवांत बसून भात पाखडत होत्या. बोलावणं लागत नाही अशा बसल्या होत्या.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आमी," रत्नी म्हणाली. "नि हिराबायनी."

मी खाली बसले.

"व्हळीला आमी घरी आयलेलो," ती सांगायला लागली. "हिराबाय आयली, एकटीच. म्हनली, रत्ने, ह्या घराचा काय करू? मी सांगला, उतरवा नि परत बांधा. म्हनली, कवा? मी सांगला, आमी भट्टीवरून आलो का, वैशाखात. मंग आमचा म्हातारा बोलला, घर बांधायचा तं घरधनी पायजे. बोलवनारा कोन? तं ती म्हनली, मी."

वैशाखात. हिरे, वैशाखात.

तू दारोदार गेलीस. रत्नीने नक्कल करून दाखवली, कशी प्रत्येक उंबऱ्याशी उभी राहून "माझं घर बांधायचंय, या" म्हणालीस. वापीची भाची म्हणजे रत्नी, जन्मातलं तुझं पहिलं खोटं. तिच्या घरात राहिलीस, जमिनीवर झोपलीस. बूट पडवीत काढून ठेवलेस आणि बायकांच्या मधे उभी राहून शेणमाती तुडवलीस. मधेच पोट धरून बसायचीस आणि परत उठायचीस. घरधनीण म्हणून भात शिजवलास, घरून आणलेले बोंबील भाजलेस. "ताडी पन प्याली," रत्नीची जाऊ म्हणाली. "वाईच." जन्मभर पोरांच्या बापांना ताडीवरून झापणारी तू. आणि शिट्टी? मी विचारलं. रत्नी म्हणाली, आणली नव्हती.

मला तुझा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. पाच वर्षं मी जे घसा फोडून सांगितलं, ते तू केलंस. अगदी तस्सं, महिन्यासकट. आणि मला सोडून सगळ्यांना सांगितलंस. हरायचं तर समोर येऊन हरायचं. "कुंदे, तुझं बरोबर होतं," एवढं दवाखान्यात म्हणाली असतीस तर मी काय मोठा ढोल वाजवणार होते? वाजवला असता थोडा. तेवढं माझं होतं, आणि तेही तू बरोबर घेऊन गेलीस.

रत्नी मागून आली. मला पडवीच्या बाजूने घेऊन गेली, जिथे पाऊस लागत नाही. तिथली एक भिंत तशीच उघडी होती. नुसता कूड, काठ्यांतून आतलं दिसत होतं.

"ह्यी बाजू बाईनी सोडायला सांगली," ती म्हणाली. "आमी म्हनलो, आर्धा घर कसा सोडायचा? तं म्हनली, ह्यी कुंदाची. तिला बोलवू नका, भांडल. भांडून झाला का आपली आपण येल. पन तीच गेली, मंग मीच बोलवला."

मी काठ्यांमधून आत बघितलं. पलीकडे, त्याच भिंतीला लागून, एक पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली गोधडी ठेवली होती. "सुरेखाची जागा," रत्नी म्हणाली. "तिनीच धरली. यंदा ठेवताव तिला. दिवाळी झाली का आमी निंगू, ती हितं राहील." पाड्यावरची बाकीची पोरंही राहणार आहेत, पण मला ती एक पेटी दिसत होती. सुरेखा यंदा सहावीत आहे. वर्ष पुरं करण्याची ही तिची पहिलीच वेळ असेल.

तुझा हिशोब चुकला, हे तुला कळावं म्हणून लिहिते. माझं भांडून झालेलं नाही. या जन्मात होईल असं दिसत नाही. तरी परवा सकाळी मी पाड्यावर जाणार आहे, आमच्या गोठ्यातलं शेण बरोबर घेऊन. ते तुझ्यासाठी नाही. पौषात वारा त्या बाजूने येतो, आणि पोरीची गोधडी पातळ आहे.

चपला पडवीत काढीन. माती तुडवताना तुला शिव्या देणार आहे, साऱ्या पाड्याला ऐकू जातील अशा. रत्नीला मी हे आधीच सांगून ठेवलं, म्हणजे नंतर तिला वाईट वाटायला नको. ती म्हणाली, "द्या की. ती पन तुडवता तुडवता तुमालाच देत व्हती."